रविवारचं पान

"दहा वाजून दहा झाले, रूपा. सही झाली का?"

"वाचतेय अजून, आई."

"वाच की. पण आज शुक्रवार, साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याच्या आत सही कर, मग दिवसभर वाचत बैस. सरी का, ठीक ना?"

डॉ. रूपश्रीने फोन टेबलावर पालथा ठेवला. देवनहळ्ळीच्या त्या नव्याकोऱ्या हॉस्पिटलात रंगाचा वास अजून गेला नव्हता. समोर नोकरीचा करार, चांगला सव्वीस पानांचा. वय बेचाळीस, काम रक्तदाबाचं आणि मधुमेहाचं. पेपरात फोटो यावा असं तिच्या हातून कधी काही घडलं नव्हतं. माणसं बरी होऊन घरी जात, एवढंच. ही नोकरी तिला हवी होती ती आईसाठी. भागीरथीबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाले आणि इथे डॉक्टरांच्या आईवडिलांना ते मोफत होतं.

पण चौदाव्या कलमापाशी ती अडली होती. नोकरीत असेपर्यंत बाहेर कुठेही, मोबदला घेऊन किंवा न घेता, रुग्ण तपासायचा नाही. त्यातल्या 'न घेता'भोवती तिने पेन्सिलीने गोल काढला होता.

चामराजपेटेतल्या घराची पुढची खोली म्हणजे तिच्या वडिलांचा, कृष्णाजींचा दवाखाना. चाळीस वर्षं चालला. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती त्यांच्या खुर्चीत बसे. आठवड्यातले सहा दिवस कसे जात ते तिला सांगता आलं नसतं. वडील गेल्यापासून सगळं काचेपलीकडून चालल्यासारखं वाटे. रविवार तेवढा तिला कळत होता.

"महांतेश, रविवारचं मला लिहून हवं. नाहीतर जमणार नाही."

महांतेश तिथला भरती बघणारा अधिकारी. निपाणीकडचा, तिशीतला, बोलायला लाघवी.

"अक्का, तुमी काय काळजी करू नका. मी वरती बोललोय. रविवार सोडून, असं लिहिलेलं नवीन पान यायलंय. साडेअकरापर्यंत येतंय बघा." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पण आमची आई पण हेच म्हणते, राहुकाळात सही नको. आता करून टाका, ते पान मी मागनं लावतो. माझ्यावर सोडा की."

अक्का म्हणणाऱ्या माणसाकडे अजून काय मागायचं? कृष्णाजींच्या घरात आपल्या माणसाकडून लिहून घेणं म्हणजे त्याचा अपमान. रिपोर्ट पाहिल्याशिवाय साधी गोळी न बदलणारी ही शहाणी बाई! तिने दहा बावीसला सव्वीसच्या सव्वीस पानांवर सह्या ठोकल्या आणि आईला कळवलं. आईने तिकडे देवापुढे साखर ठेवली.

ते पान काही आलं नाही. महांतेश दोन महिने "येतंय अक्का, स्वल्प थांबा" म्हणत राहिला. तो खोटं बोलत नव्हता, बिचारा खरंच मागे लागला होता. तिसऱ्या महिन्यात तो हुबळीला दुसरी नोकरी धरून गेला. रूपश्रीनेही मग विषय सोडला. रविवार चालू होते ना, मग कशाला उगाच उकरून काढा?

आठव्या महिन्यात महांतेशच्या खुर्चीवर बसलेल्या यशोवर्धनने तिला बोलावलं. मोबाइलवर एक फोटो दाखवला. दवाखान्याची पायरी, पायरीवर रांग, आत गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली ती. कुणा पेशंटच्या नातवाने कौतुकाने टाकला होता आणि फिरत फिरत इथवर आला होता.

"हे महांतेशशी ठरलं होतं," ती म्हणाली.

"असेल मॅडम, मी नाही म्हणत नाही. पण शेवटचं कलम वाचलंत का? जे लिहिलंय तेवढंच धरायचं, तोंडी काही नाही." तो वाईट माणूस नव्हता. आवाजही त्याने चढवला नाही. "दवाखाना बंद करा, नाहीतर राजीनामा द्या. राजीनाम्यानंतर मात्र आईंचं इथलं डायलिसिस थांबेल."

राग यायला हवा होता. आला नाही. हातपाय दुसऱ्याचे असावेत तशी ती बसून राहिली. मग म्हणाली, "एक रविवार द्या. लोकांना सांगायला. आणि ते आत्ता, माझ्यासमोर लिहून द्या."

त्याने वर फोन करून विचारलं आणि चार ओळी टाइप केल्या. तिने त्या दोनदा वाचल्या, एक तारीख दुरुस्त करून घेतली, शिक्का मारायला लावला. मंगळवारचे सव्वातीन वाजले होते, म्हणजे भर राहुकाळ. तिने सही केली.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मीच घाई केली गं त्या दिवशी."

"वेळ चांगली होती, आई," रूपश्री म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

शेवटच्या रविवारी तिने कृष्णाजींचं कपाट उघडलं. प्रत्येक पेशंटची वही दवाखान्यातच ठेवायची, ही त्यांची पद्धत. घरी नेली की हरवते म्हणत. त्या वह्या तिने ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. लोक कुरकुरले, दोघं रडलेसुद्धा. गंगव्वा तेवढी वही घेईना. कोपऱ्यावर फुलं विकणारी, सत्तरीची, रक्तदाब सदा चढलेला.

"मी कुठं ठिऊ ही? मला वाचता येतंय व्हय? इथंच असू दे. फुडच्या ऐतवारी परत यायचंच की."

"पुढच्या रविवारी दवाखाना नाही, गंगव्वा. मला तपासता येणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी आत ठेवलीय, त्यांना दाखव."

"सरी, सरी," म्हणत गंगव्वाने वही टेबलावर ठेवली आणि ती गेली.

पुढच्या रविवारी नऊ वाजता भागीरथीबाई खिडकीतून म्हणाल्या, "गंगव्वा आलीय बघ गं."

दार बंद, पाटी उतरवलेली, तरी ती पायरीवर बसली होती. रूपश्री कॉफीचा पेला घेऊन बाहेर आली. स्टेथोस्कोप घेतला नाही, रक्तदाबाचं यंत्रही घेतलं नाही. शेजारी बसून तिने पेला पुढे केला. गंगव्वाने तो उजव्या हातात धरला आणि डावा हात, बाही वर सारून, नेहमीसारखा तिच्या मांडीवर ठेवला.

"आज तपासायचं नाही, गंगव्वा."

"नको तपासू. मी कुठं म्हनलं?" गंगव्वा कॉफी फुंकत म्हणाली. हात तिथेच होता.

रूपश्रीने तो हातात धरला. बोटं आपोआप मनगटावर गेली. तिने घड्याळात पाहिलं नाही, रस्त्यावरची रिक्षा पाहत राहिली. मनात मोजणी मात्र सुरू झाली होती. नव्वदच्या पुढे गेली तरी ती थांबली नाही.

पेला रिकामा होईपर्यंत तिने हात सोडला नाही.