एका शेळीच्या अकरा कलेज्या

"काल दिवसभरात काय काय खाल्लं?" तेरेझिना शहरातून आलेल्या नर्सबाईंनी शाळेत टेबल मांडून पहिलाच प्रश्न जेर्सिनोमामाला विचारला.

मामानं काल तिन्ही वेळा एकच खाल्लं होतं. बुरिती. आमच्या ओढ्याला माणसांपेक्षा बुरितीची झाडं जास्त. फळ भिजवायचं, खवले सोलायचे, आतला केशरी गर खरवडून कसावाच्या कंदाच्या पिठात कालवायचा आणि गिळायचा. पण वहीत लिहून घेणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे चड्डीचं ठिगळ दाखवण्यासारखंच.

"कलेजी," मामा म्हणाला. "शेळीची."

बाईंनी लिहिलं. धडधाकट माणसाच्या पोटात अ जीवनसत्त्व किती जातं आणि रक्तात किती सापडतं, हे मोजायला त्या आल्या होत्या.

मामाच्या मागं रांगेत दहा जण होते. आमच्याकडं शेळी कापली की शेजारी प्रत्येक घरी वाटा जातो. ज्या घरी वाटा गेला नाही, ते घर तोडलं असं समजतात. शेजारच्या लिंदाउराकाकूचा नंबर आला. वाटा मिळाला नाही म्हणावं, तर चारचौघांत नाक कापलं जाणार.

"कलेजीच," काकू म्हणाली. "जेर्सिनोकडनं आल्ती."

मग कोण मागं राहतंय? रांग संपेतोवर एका शेळीची कलेजी अकरा जणांनी खाल्ली.

"शेळी मोठी असेल," बाई म्हणाल्या.

"हाय तशी."

"होती," बाईंनी सुधारलं आणि सगळ्यांचं रक्त काढून घेतलं.

शेळी होती एकच, एस्त्रेला. तीही मामाची नव्हे, बेन्विंदामामीची. दोन वेळचं दूध द्यायची आणि मामापेक्षा जास्त ऐकायची.

दुपारी लिंदाउराकाकू रिकामं ताट घेऊन मामाच्या दारात.

"कसला वाटा, काकू? शेळी कुटं कापलीया? तुमास्नी ठावं हाय की."

"मला येवढंच ठावं हाय, मी खाल्लं म्हणून कागदावर अंगठा दिलाय. म्हातारपणी मला खोटारडी ठरवतोस व्हय रं?"

काकूच्या मागं नऊ ताटं उभी होती.

मामानं "उद्या देतो" म्हणून वेळ मारली आणि सुरी घासायला घेतली. मामी बघत राहिली.

"माजी शेळी कापणार?"

"कागदावर मेलीच हाय की ती. आता नुसतं कापायचं राह्यलंय."

सकाळी एस्त्रेलाला दोरी लावून मामी थेट शाळेत गेली, बाईंच्या टेबलापाशी. मागोमाग सुरी घेऊन मामा, त्याच्यामागं दहा ताटं.

"बाई, हीच ती. हिची कलेजी अकरा जणांनी खाल्लीया. आनि सकाळी हिनं दोन शेर दूध दिलंया."

बाईंनी शेळीकडं पाहिलं. शेळीनं फॉर्मचा कोपरा खाल्ला.

"मग परवा खाल्लं काय?"

"बुरिती. माज्या घरात. बाकीच्यांचं त्येंनी सांगावं."

लिंदाउराकाकूनं ताट पाठीआड लपवलं. "बुरितीच," ती पुटपुटली. मग एकेक करत सगळे बुरितीवर आले. बाईंनी अकरा ओळी खोडल्या. मामानं सुरीनं नखं काढली.

महिन्यानं बाई रक्ताचा निकाल घेऊन आल्या. अकराच्या अकरा ठणठणीत. "बुरितीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं," त्या म्हणाल्या. "कलेजीची गरजच नाही तुम्हाला." त्या दिवसापासून आमच्या गावाची मान अशी काही ताठ झाली, की ओझं उचलताना वाकेना.

पुढच्या साली एस्त्रेलाला झालेला बोकड मामानं कापला. रीतीप्रमाणं दहा घरी वाटा गेला. आणि दुसऱ्याच दिवशी बाई वही घेऊन हजर.

"काल काय खाल्लं?"

"बुरिती," मामा म्हणाला. मिशीला अजून चरबी होती.

"बुरितीच," लिंदाउराकाकू काडीनं दात कोरत म्हणाली.

बाईंनी अकरा वेळा बुरिती लिहिलं. मामी तेवढी म्हणाली, "कलेजी." तिच्यावर बाईंनी विश्वास ठेवला नाही.