मयुराची भिशी

वैभवीच्या मामाचं लग्न झालं, ते साल २०२४. मांडवात लेकीला मिरवायला तिची आई मयुरा नव्हती. ती आदल्या वर्षीच आजारपणात गेली होती. त्या आजारपणाने तिच्या नवऱ्याचं, सुजयचं घर आतून पोखरलं होतं. गाझियाबादच्या फ्लॅटचे तीन हप्ते थकले आणि बँकेची माणसं आता फोनवर गोड बोलेनाशी झाली. शेवटी त्याने ठरवलं, फ्लॅट भाड्याने द्यायचा, आपण कुठेतरी खाट टाकायची आणि दहा वर्षांच्या वैभवीला सांगलीला अलकाआत्याकडे ठेवायचं. पोरीने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सायकल नेता येईल ना, बाबा?"

इतक्या ओढाताणीत एक देणं मात्र त्याने कधी थकवलं नव्हतं. ते म्हणजे मयुराची भिशी. दिल्लीच्या सरोजिनी नगरात सुमित्राकाकूंच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वीस मराठी बायका जमत, प्रत्येकी पाच हजार काढत आणि चिठ्ठीत जिचं नाव निघे ती लाखभर रुपये उचले. मयुराने आपले कधीच उचलले, असं सुजय धरून चालला होता. भिशी सुरू झाली त्या दिवाळीत घरात वॉशिंग मशीन आलं, त्यावरून त्यानेच ताडलेलं. विचारलं कधी नाही. बायको गेली म्हणून बायकांचे पैसे बुडवायचे नाहीत, या हट्टाने तो दारातूनच पैसे देई आणि मान खाली घालून मेट्रो गाठी. एकदा काकू म्हणाल्या होत्या, हवे असतील तर आत्ताच घेऊन जा. त्याला ती दया वाटली. नको म्हणून तो तडक निघून आला होता.

त्याच सालच्या मार्चमध्ये शेवटची पाळी आली. पैसे काकूंच्या हातात ठेवून, देणं फिटलं एकदाचं, असं म्हणत सुजय वळला.

"फिटलं कसलं? आत ये," काकू म्हणाल्या. "आज चिठ्ठी काढायचीच नाही. एकच नाव उरलंय."

"कुणाचं?"

"अरे, तुझ्या बायकोचं."

मयुराची मैत्रीण वृंदा आतूनच म्हणाली, "तिचं नाव दिवाळीतच निघालं होतं, भावजी. म्हणाली, परत टाका, मी शेवटी घेईन. आत्ता नेले तर आमचे साहेब महिन्यात उडवतील."

मशीन तिने शिकवण्यांच्या पैशांतून घेतलं होतं. भिशीचे पैसे तिने उचललेलेच नाहीत हे त्याला ठाऊक नाही, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बायका समजत होत्या, बायकोचा शब्द पाळून तो शेवटपर्यंत थांबलाय.

सुजय आत येऊन बसला. आधी स्वतःचा राग आला, मग हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. कुणीतरी साबुदाणा वड्यांची बशी पुढे सरकवली. त्या घरात तो पहिल्यांदाच पोटभर खाऊन उठला.

सोमवारी थकलेले हप्ते भरले. मग अलकाताईला फोन करून सांगितलं, वैभवी येत नाही. ताई म्हणाली, बरं झालं बाबा, पोरीला तुझ्यापासून तोडणं माझ्याही जिवावर आलं होतं.

हॉस्पिटलपायी काढलेलं कर्ज अजून थोडं आहे, ते तो फेडतोय. पण आता रात्री झोप लागते. एप्रिलच्या नव्या भिशीत त्याने स्वतःचं नाव घातलं. बायका त्याला "विसाव्या वहिनी" म्हणतात, तोही हसून घेतो. भिशी आता वृंदाच्या घरी भरते. सुमित्राकाकू ११ जानेवारी २०२५ रोजी सकाळी हृदयविकाराने वारल्या.