इंजिनाची समोरची बाजू

आमचे हे विमानदलात जेट इंजिनांचे मेकॅनिक. चौसष्ट साली सुटीवर दारव्ह्याला आले, तेव्हा डाव्या कानाशी कितीही बोला, यांना पत्ता नाही. विचारलं तर म्हणे सर्दी. मागच्या सुटीतही सर्दीच होती! मी काही एवढी भोळी नाही. इंजिनांच्या आवाजानं कान गेला होता, आणि तिथल्या डॉक्टरला कळलं तर घरी पाठवतील म्हणून हे लपवत होते.

माझे सासरे डोमाजी, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीतून वर्दी चढवणारा पहिला मुलगा त्यांचा. बाजारात ते छाती काढून फिरत.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकाला विचारलं, पंखा नाही तर विमान पळतं कसं? इंजिनाचा विषय निघाला की हे खुलतात. आमच्या मुलीचा फुगा घेतला, फुगवला आणि तोंड न बांधताच सोडून दिला. फुगा सुसाट जाऊन छपराला आपटला.

"असंच," हे म्हणाले. "इंजन समोरून हवा ओढते, दाबते, त्यात तेल जाळते. तापलेली हवा मांगं फेकली, का इंजनले पुढं धक्का बसते."

मग आणखी तेल जाळलं तर कितीही जोरात पळेल, असं मामंजींना वाटलं.

"नाई, बा. आतले पाते तापून नरम पडते. अन् इमान जेवढं जोरात, तेवढी हवाबी जोरात आत येते. येनाऱ्या अन् जानाऱ्या हवेच्या जोरात फरकच नाई उरला, तं धक्का कायचा?"

माझं मन मात्र पहिल्याच वाक्यात अडकलं होतं. समोरून ओढते, म्हणजे माणसालाही ओढते का? जवळ गेला तर ओढते, म्हणाले.

"मंग तुमी कुठं उभे राह्यता?"

मला दोनदा विचारावं लागलं.

"तपासाले समोरच जा लागते."

"अन् मांगून कोनी सरक म्हनलं, तं?"

उत्तराची वाटही न बघता मी मामंजींना सगळं सांगून टाकलं, कान, सर्दीचं सोंग, सगळं. डॉक्टरला कान दाखवायला तुम्हीच समजवा म्हटलं, तुमचं ऐकतील. नोकरी गेली तर जाऊ दे, मजुरी करू.

मामंजी लेकाच्या डाव्या अंगाला बसल्या बसल्याच पुटपुटले, "डाक्टरले सांगू नोको, श्रावण."

एवढं मात्र यांना एकदाच सांगून ऐकू आलं.