बनी शुवैलची डागणी

मी एक जुनी डागणी आहे. मित्रांनो, उंट कोणाचा हे ओळखू यावं म्हणून त्याच्या मांडीवर खूण उठवणारी लोखंडी सळई म्हणजे मी. माझ्या एका टोकाला सरळ पाती आहे, दुसऱ्याला कडं. जळक्या केसांचा वास माझ्या अंगात इतका मुरला आहे की माझी मलाच शिसारी येते. पण आज जी किळस सांगते आहे, ती त्या वासाची नाही.

बनी शुवैल या टोळीचा मूळपुरुष शुवैल. भाऊबंदांनी हाकललेला हा माणूस बायकोला घेऊन वाळवंटात पाण्यावाचून तडफडत होता. बनी मर्शूदच्या लोकांनी त्याला तंबूत घेतलं, खजूर दिले आणि निघताना एक दुभती उंटीणही दिली. तिच्या मांडीवर त्यांची खूण होती, एक सरळ रेघ.

"ही रेघ मी पुसणार नाही," शुवैल म्हणाला. "तिच्याशेजारी एक कडं काढीन. कोणाचं मीठ खाल्लं ते माझ्या नातवंडांनाही दिसलं पाहिजे."

मग फिरत्या लोहाराकडून त्याने मला घडवून घेतलं. एक टोळी अशी जन्माला आली. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

पुढे कळप वाढले, तंबू वाढले आणि गोष्ट बदलत गेली. एका पिढीने मीठ गाळलं, दुसरीने उंटीण गाळली. आताच्या शेख जुरैसने तर कहरच केला. शहरातून आलेल्या पाहुण्यांना तो सांगत होता, "रेघ म्हणजे आमच्या पूर्वजांची तलवार, कडं म्हणजे ढाल. मर्शूदवाल्यांना त्यांनी पार पळवून लावलं!" सगळं ठाऊक असलेले म्हातारे दाढ्या कुरवाळत माना डोलावत होते. शी!

पाहुण्यांना भेट द्यायला जुरैसला देखणी उंटीण हवी होती. बनी मर्शूदच्या नुवैर या विधवेची उंटीण चरता चरता आमच्या कळपात शिरली होती. नुवैरची नातवंडं तिच्याच दुधावर जगत होती. जुरैसने मला निखाऱ्यात तापवलं आणि नुसतं कडं टेकवलं. रेघ आधीपासून होतीच. ते मुकं जनावर कळवळून ओरडलं, आणि मला माझ्या लोखंडाची लाज वाटली.

नुवैर शोधत आली. तिचा आवाज ऐकताच उंटिणीने मान वळवली.

"जुरैसबाबा, ही माझी सम्हा. सोड तिला, पोरं उपाशी आहेत."

"काकी, ऊन लागलं का तुला? खूण बघ की! लहानपणापासून आमचीच आहे ती."

नुवैरने मांडी चाचपली. "रेघ जुनी, सुकलेली. कड्यातून अजून लस गळतेय. म्हणे लहानपणापासून! लाज कुठे गहाण टाकलीस रे?"

ओली जखम सगळ्यांना दिसत होती. म्हातारे कहव्याच्या पेल्यात बघत बसले. मला जुरैसपेक्षा त्यांचीच जास्त किळस आली.

नुवैर रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तुमचा शुवैलही आमच्याच दारातून उंटीण घेऊन निघाला होता, जुरैस. पण ती आम्ही दिली होती."

"म्हातारी भ्रमिष्ट आहे," पाहुण्यांना सांगून जुरैसने पुन्हा कहवा ओतला.

मित्रांनो, आम्हाला घासूनपुसून जपा, अशी विनवणी जुन्या वस्तू करतात. मी उलटं मागते. मला उघड्यावर फेका, गंजू द्या. बनी मर्शूदच्या प्रत्येक उंटिणीवर रेघ आहे, आणि कडं माझ्याकडे आहे.