मोज्यातला गिअर

डावीकडे वळायचं म्हणून प्रभाताईंनी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूची दांडी वर केली. सोसायटीच्या गार्डाने फाटक उघडलं. त्यांनी पाय दाबला, आणि गाडी मागे गेली.

कडाड असा आवाज झाला. प्रभाताईंनी ब्रेक मारला तेव्हा मागची काच गार्डाच्या केबिनच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर होती. मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीचे तुकडे झाले होते. दोन मिनिटांपूर्वी गार्ड रामअवतार त्याच खुर्चीवर बसून ऊन खात होता. फाटक उघडायला उठला म्हणून वाचला.

"कोई बात नहीं मॅडमजी," तो धावत येऊन म्हणाला, "कुर्सी ही तो थी."

प्रभाताईंचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते. शेजारी बसलेल्या भालचंद्ररावांनी भाजीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि हलकेच विचारलं, "काय गं, काय झालं?"

"मी सिग्नल दिला हो," त्या म्हणाल्या. "मी फक्त सिग्नल दिला."

खरंच त्यांनी सिग्नलच दिला होता. पस्तीस-चाळीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताने तेच केलं होतं. आधीच्या सगळ्या गाड्यांत उजवीकडची दांडी सिग्नलची होती. वर केली की डावा दिवा, खाली केली की उजवा. या नव्या गाडीत तिथेच गिअर होता. वर केला की मागे, खाली केला की पुढे, टोकाचं बटण दाबलं की जागच्या जागी. सिग्नल गेला होता डाव्या हाताला, वायपरच्या संगतीत. एसी समोरच्या टचस्क्रीनच्या पडद्यात शिरला होता. समोरचा खण उघडायलासुद्धा पडद्यावर बोट फिरवायचं. आणि गाडी चालू झालीय की नाही हे तर देवालाच ठाऊक, कारण तिला आवाजच नव्हता.

आधीची गाडी पेट्रोलची होती. तिला पंधरा वर्षं झाली, दिल्लीच्या नियमाने भंगारात गेली. मग बंगळुरूहून स्वानंदीने, त्यांच्या मुलीने, ही विजेची गाडी परस्पर पाठवली. "आई, एकदम स्मूथ आहे. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. तुला मजा येईल."

त्या दुपारी स्वानंदीला सगळं सांगितल्यावर तिने आधी कुणाला लागलं तर नाही ना, ते विचारलं. मग म्हणाली, "आई, ड्रायव्हर ठेवूया का? प्लीज, रागावू नकोस."

प्रभाताई रागावल्या नाहीत. "बघू," एवढंच म्हणाल्या. गाडीची किल्ली म्हणजे एटीएमसारखं एक कार्ड होतं. ते त्यांनी देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवून दिलं. रामअवतारसाठी हात टेकायला जागा असलेली चांगली खुर्ची आणली आणि भाजी आणायला ई-रिक्षाने जाऊ लागल्या.

गाडी चालवणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसती सोय नव्हती. नव्याण्णव टक्के बायका ज्या काळात स्कूटरवर मागे बसायच्या, त्या काळात दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत प्रभा मोघे गाडी चालवायची. केंद्र सरकारच्या मंत्रालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क असलेली, तेल लावून घट्ट वेणी घालणारी बाई स्वतः गाडी घेऊन ऑफिसला निघाली की पोरं चौकापर्यंत मागे धावायची. शेजारच्या तमिळ बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा सफदरजंग हॉस्पिटलात तिनेच पोचवलं होतं. कुणाची सासू स्टेशनवरून आणायची, कुणाच्या मुलाला परीक्षेला सोडायचं, तर लोक मोघ्यांचं दार वाजवायचे आणि दार भालचंद्ररावांनी उघडलं की म्हणायचे, "मेमसाब हैं?"

भालचंद्रराव गाडी चालवत नसत. म्हणजे त्यांनी शिकून पाहिलं होतं. सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा दोघंही बरोबरच शिकायला लागले होते. पण क्लच सोडायचा आणि त्याच वेळी ॲक्सिलरेटर दाबायचा, हे त्यांच्या दोन पायांना काही केल्या जमेना. गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि बंद पडायची. एकदा भर गोल चक्करमध्ये ती तीनदा बंद पडली, मागे बस हॉर्न देत राहिली, आणि भालचंद्रराव दार उघडं टाकून सरळ घरी चालत आले. त्यानंतर ते कधी उजवीकडे बसले नाहीत. डावीकडे बसून रस्ता सांगायचे, संत्रं सोलून द्यायचे. कुणी चेष्टा केली तर हसायचे.

एका रविवारी सकाळी तेच म्हणाले, "चल, त्या मागच्या रस्त्यावर जाऊन बघू. तिकडे कोणी नसतं."

"कशाला? अजून एखादी खुर्ची मोडायला?"

"तिकडे खुर्च्या नाहीत. गाई आहेत, पण त्या आपणहून बाजूला होतात."

दिल्लीलगतच्या नोएडा एक्स्टेंशनमध्ये त्यांच्या सोसायटीमागे सहा पदरी रस्ता होता. ज्या सेक्टरसाठी तो केला तो सेक्टर अजून उगवायचा होता. दुतर्फा रिकामे प्लॉट, त्यात गवत, आणि दूरवर अर्धवट टॉवरांवर थांबलेल्या क्रेन. भालचंद्रराव निघताना खिशात काहीतरी घेऊन आले होते. गाडीत बसल्यावर त्यांनी ते काढलं. नातीचा, अनुष्काचा, बाळपणीचा पिवळा लोकरी मोजा.

"हे काय?"

"घाल त्या दांडीला. हाताला लोकर लागली की हात आपोआप मागे येईल. डोक्याला सांगून उपयोग नाही प्रभा, हाताला सांगायला पाहिजे."

प्रभाताईंना हसू आलं. पण मोजा घातल्यावर खरंच फरक पडला. वळण आलं की उजवा हात सवयीने जायचा, लोकरीला लागायचा आणि चटका बसल्यासारखा परतायचा. मग डावा हात सिग्नल द्यायचा. कधी त्याऐवजी वायपर चालू व्हायचे, आणि लख्ख उन्हात काच पुसली जायची. दोन-तीन रविवारांत तेही कमी झालं.

एक गोष्ट मात्र सुटेना. गाडी मागे घेताना प्रभाताई दार किलकिलं करून, मान बाहेर काढून मागे बघायच्या. त्या ज्या गाडीवर शिकल्या तिला बाहेरचे आरसेच नव्हते. गाडी शिकवणाऱ्या उस्तादांनी सवयच तशी लावली होती. नव्या गाडीला हे पसंत नव्हतं. दार उघडलं की ती मधेच कचकन थांबायची आणि आपोआप पार्किंगच्या गिअरमध्ये जायची.

"समोर पडद्यात दिसतं की सगळं," भालचंद्रराव म्हणाले.

"माझा पडद्यावर विश्वास नाही."

त्यांनी पुन्हा दार उघडलं, गाडी पुन्हा थांबली. भालचंद्ररावांचा चष्मा नाकावरून घसरला. चौथ्या वेळी प्रभाताई पूर्ण दार उघडून खालीच उतरल्या.

"फार कळतंय ना तुम्हाला? मग तुम्हीच बसा."

हे वाक्य बोलून झालं आणि त्यांना वाटलं, नको होतं बोलायला. जे या माणसाला इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही ऐकवलं नव्हतं, ते आज तोंडातून गेलं होतं.

 भालचंद्रराव डावीकडचं दार उघडून उतरले, गाडीला पुढून वळसा घालून आले आणि उजवीकडे बसले. सीट जरा मागे घेतली, पट्टा लावला. पाय ब्रेकवर ठेवला, पिवळा मोजा वर केला आणि पडद्याकडे बघत, मुंगीच्या पावलांनी, गाडी सरळ रेषेत मागे नेली. थांबवली. मोजा खाली केला. मग पुढे आले आणि प्रभाताईंच्या समोरून तसेच पुढे गेले.

प्रभाताई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. गाडी लहान लहान होत गेली. पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, उजवा दिवा लुकलुकला; योग्य तो, आणि वळायच्या आधी. एक गाय उठून बाजूला झाली. गाडी फिरून परत येऊ लागली तेव्हा आत बसलेल्या माणसाचा चेहरा दिसला. स्वानंदी जन्मली तेव्हा तो असा दिसला होता.

 प्रभाताईंना आनंद झाला, पण नुसता आनंद नव्हता. ती जागा त्यांची होती. सगळ्या संसारात बाकी सगळं दोघांचं होतं, ती एक जागा तेवढी त्यांची.

गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली करायला भालचंद्ररावांनी बटण दाबलं, तर मागची काच खाली गेली. दुसरं दाबलं, तर आरसे मिटले.

"बसतेस का?" बंद काचेतूनच ते ओरडले.

प्रभाताईंना इतकं हसू फुटलं की त्यांना गाडीला टेकून उभं राहावं लागलं. भालचंद्ररावही आत बसून हसत होते, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होते.

"अहो, इतकी वर्षं का नाही बसलात?" शेजारी बसल्यावर त्यांनी विचारलं.

"तेव्हा क्लच होता," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि तू इतकी छान चालवायचीस, की मी वाईट चालवलेलं मला बघवलं नसतं."

"मग आज कसं जमलं?"

"माझ्या हाताला कुठे काय माहीत होतं? विसरायचंच काही नाही मला. तुला आधी एवढं सगळं विसरावं लागतंय."

डॉक्टरांनी भालचंद्ररावांचे डोळे, रक्तदाब तपासून सही दिली. शिकाऊ परवाना आला. गाडीच्या पुढे-मागे लाल 'एल' चिकटवताना प्रभाताई म्हणाल्या, "हा माझ्यासाठीपण आहे." स्वानंदीचा व्हिडिओ कॉल नेमका गाडीत आला, तेव्हा तिला बाबा उजवीकडे दिसले.

"आई, बाबा तिथे का बसलेत?"

"चालवतायत."

"नाही, सीरियसली सांग ना यार."

"स्वानंदी, त्यांना बोलू नकोस, पुढे चौक आहे," प्रभाताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन समोरच्या रस्त्याकडे फिरवला.  बंगळुरूहून नाक ओढल्यासारखा आवाज आला.

परीक्षेच्या दिवशी शेजारी बसलेल्या तरुण इन्स्पेक्टरने आधी दांडीकडे आणि मग भालचंद्ररावांकडे पाहिलं. "अंकल, ये मोजा?"

"ठंड में पहनाते हैं," भालचंद्रराव गंभीरपणे म्हणाले.

इन्स्पेक्टर हसला नाही, पण पुढे त्याने त्यांना आठाचा आकडा काढायला लावला तो जरा सावकाश काढू दिला. मागे घेतानाही त्यांनी रेषेला चाक लागू दिलं नाही. बाहेर बाकावर बसलेल्या प्रभाताई शिकाऊ मुलांमध्ये सगळ्यात मोठ्या होत्या, आणि सगळ्यात जास्त घाबरलेल्याही त्याच होत्या.

दर संक्रांतीला पानिपतला काला आंबच्या स्मारकापाशी दिल्लीतली मराठी मंडळी जमतात. मोघे पतिपत्नी कधी चुकवत नसत. त्या वर्षीही सकाळचं धुकं विरल्यावर निघाले. जाताना प्रभाताईंनी चालवलं. हरियाणाच्या हद्दीवरच्या कुंडली गावापर्यंत त्यांचा हात दोनदा लोकरीला लागला, पुढे एकदाही नाही. पानिपतला तिळगूळ वाटताना भालचंद्रराव ज्याला त्याला गाडीपाशी नेऊन नवा परवाना दाखवत होते. लोक कौतुकाने माना डोलवत होते. लक्ष्मीबाई नगरातल्या जुन्या शेजारीण सरला वाकणकर प्रभाताईंच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काय गं, मोघे साहेब गाडी चालवतात म्हणे? तुला चालतं?"

प्रभाताईंनी तिळगुळाची वडी त्यांच्या हातावर ठेवली. "चालतं," त्या म्हणाल्या. "अगं, मला आवडतं."

परत निघताना भालचंद्रराव गाडीपाशी घुटमळले. लाल 'एल' काढून झाला होता. काचेवर त्याच्या डिंकाचे डाग तेवढे राहिले होते. डावीकडचं दार उघडायला त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मी घेऊ का जरा? हायवे आहे म्हणा. तू म्हणशील तर."

प्रभाताईंनी पर्समधून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्याआधी जाऊन डावीकडे बसल्या.

सुरुवातीला त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. पदर नीट केला, चष्मा पुसला, पर्स मागे ठेवली. पुढे ट्रक आला की त्यांचा उजवा पाय सवयीने खाली दाबला जायचा. तिथे नुसता गालिचा होता. भालचंद्रराव ट्रकमागे नीट अंतर ठेवून चालले होते. ओव्हरटेक करायची घाई नव्हती, मागच्या जीपने हॉर्न दिला तर तिला जाऊ देत होते. प्रभाताईंनी बाहेर पाहिलं. रस्त्यापासून थेट आभाळापर्यंत मोहरी फुलली होती. मधेच एक विहीर, तिच्या कठड्यावर वाळत घातलेल्या लाल रजया, आणि एक म्हातारा खाटेवर आडवा पडून मटार खात होता. या रस्त्याने त्या इतक्या वर्षांत इतक्यांदा गेल्या होत्या. यातलं काहीही त्यांनी पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

"झोप आली तर झोप," भालचंद्रराव समोरून नजर न काढता म्हणाले.

"झोप कसली. बघू दे मला."

मग प्रभाताईंनी चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या, आणि पाय वर घेऊन सीटवर ऐसपैस मांडी घातली.