व्हेनिसमध्ये पाच जणांची सोय

सासूबाईंना उकरून काढायची तारीख बदलली आणि ती नेमकी कार्निव्हलच्या आठवड्यात आली.

व्हेनिसच्या स्मशानाचं बेट केवढं, आणि मेलेले किती! बारा वर्षं झाली की माती उकरतात, हाडं पेटीत भरतात आणि घरच्यांसमोर भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. घरचं कोणी आलं नाही तर बेवारशांबरोबर एकत्र. सासूबाईंची पाळी नोव्हेंबरात होती. तेव्हा पाऊस आणि भरतीचं पाणी एकदमच आलं, म्हणून ते पुढे ढकललं. आणि आता सोमवारी ऑफिसातून फोन, की येत्या शुक्रवारी सकाळी आठला हजर राहा. म्हणजे बारा वर्षं ती बाई शांत पडून होती, आणि आता चार दिवसांत सगळी घाई.

फोन माझ्या नवऱ्यानं, अल्विसेनं घेतला. आईला मातीत ठेवलं तेव्हा तो पोचला नव्हता. खाली दक्षिणेतल्या आमच्या सालेर्नोहून निघालेली त्याची गाडी रुळांवरच अडकली होती, आणि तो बेटावर गेला तोवर फुलंही पडून गेली होती. बारा वर्षं तो एवढंच म्हणत आला होता, "ठेवताना नव्हतो, निदान काढताना तरी असेन."

सकाळी आठला तिथे असायचं तर आदल्या रात्री व्हेनिसमध्ये मुक्काम हवा. त्यात काय, म्हणाल तुम्ही. बहीण आहे की. माझी नणंद लोरेदाना सासूबाईंच्याच घरात राहते. शेवटची चार वर्षं आईचं सगळं तिनं केलं, म्हणून अल्विसेनं आपला हिस्सा हसत हसत सोडला होता. तिला फोन केला.

"नका येऊ," लोरेदाना म्हणाली. "पाइप फुटलाय. भिंती उघड्या टाकल्यात, स्वयंपाकघरात चिखल. तुम्ही आपलं एखादं हॉटेल बघा."

"कार्निव्हलच्या जत्रेत? सगळी हॉटेलं भरलेली असतात," अल्विसे म्हणाला.

"मग मी काय करू? मी फोडलाय का पाइप?"

तिनं फोन ठेवला. अल्विसेनं मोबाईल टेबलावर आपटला. "आईची हाडं निघायची आणि बहीण दार लावून बसते! नाही जात मी. तिला घेऊ दे ताब्यात. तिचंच आहे ना सगळं!"

मी सोळा वर्षं या माणसाबरोबर संसार केलाय. तो गेला नाही तर पुढची सोळा वर्षं रोज एकदा हे मला ऐकावं लागणार होतं. शिवाय बहीण-भावाचं बोलणं तिथेच संपलं असतं. म्हणून म्हटलं, "तू गप्प बस. जागा मी शोधते."

शोधते म्हणणं सोपं असतं. आम्ही पाच. मी, अल्विसे, चौदा वर्षांची फ्लाविया आणि सहा वर्षांचे जुळे. पोरांना ठेवायचं कुठे? माझ्या आईचं मनगट मोडलेलं, ती स्वतःच बहिणीकडे जाऊन राहिलेली. आणि इटलीतल्या हॉटेलवाल्यांना पाच हा आकडा कोणी शिकवलेलाच नाही. दोन चालतात, तीन चालतात, चारला जरा नाक मुरडतात. पाच म्हटलं की जणू मी सर्कस घेऊन येतेय.

एकानं सांगितलं, "फॅमिली रूम आहे." फोटोत एक पलंग आणि भिंतीला टेकलेली शिडी. शिडी कुठे जाते विचारलं तर म्हणाला, "वर." दुसऱ्याकडे जागा होती, भाडंही परवडणारं होतं, पण कमीत कमी चार रात्री राहायला हवं. तिसरीनं फार प्रेमानं विचारलं, "बाळाला पाळणा देऊ?" मी म्हटलं, बाई, बाळं फुटबॉल खेळतात. मेस्त्रेला, म्हणजे पुलाच्या अलीकडे, एक खोली मिळत होती. तिच्या खालीच नाचाचा क्लब. एकानं तर भाडं ऐकवल्यावर मी गप्प झाले तेव्हा स्वतःच "माफ करा हं" म्हटलं.

शेवटी मी नन्सच्या मठातल्या पाहुणेघराला फोन लावला.

"कार्निव्हलसाठी येताय का?" म्हाताऱ्या सिस्टरनं विचारलं.

"नाही हो. सासूबाईंना काढायला."

"कुठून?"

"मातीतून."

मग म्हणाली, "त्यांच्यासाठी प्रार्थना करीन, पोरी. खोली मात्र नाही."

संध्याकाळी अल्विसे कामावरून येऊन विचारायचा, "मिळालं?" आणि मी नाही म्हटलं की तो सरळ टीव्ही लावायचा. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. बुधवारी त्यानं बॅग माळ्यावर परत ठेवली. तेव्हा मात्र मला रडू आलं, संतापानंच.

त्याच संध्याकाळी फ्लाविया मोबाईल नाचवत आली. "मम्मा, हे बघ! कुणीतरी रद्द केलंय, भाडं अर्ध्यावर आणलंय. अख्खं घर. सहा जण मावतात."

"नाचाचा क्लब कुठेय?"

"नाहीये. ऐक ना. 'अस्सल व्हेनिसच्या आजीचं घर. इथे तुम्हाला आजीच्या मायेची ऊब मिळेल.'"

मी चष्मा लावून फोटो बघितले. पहिल्यात खिडकी आणि खाली कालवा, तसं तर तिथे सगळीकडेच असतं. दुसऱ्यात पलंग. अक्रोडाचा, उंच उशाचा. त्यावर विणलेली पांढरी चादर. उशाच्या लाकडावर डाव्या कोपऱ्यात कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं होतं: अल्वी. लग्न होऊन गेले तेव्हा पंधरा रात्री मी त्या अक्षरांकडे बघत झोपले होते.

"मम्मा," फ्लाविया हळूच म्हणाली, "हा आपल्या आजीचा पलंग आहे ना?"

तिसऱ्या फोटोत स्वयंपाकघर होतं. पाइप फुटलाय म्हणे! नळ असा चकाकत होता की त्यात तोंड बघावं. भिंती शाबूत, चिखलाचा ठिपका नाही, आणि ओट्यावर फुलदाणीत ट्यूलिप. सासूबाईंनी जन्मात कधी ट्यूलिप आणले नव्हते.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. सख्खा भाऊ आईसाठी येतोय, त्याला खोटं सांगायचं आणि परक्यांना तोच पलंग भाड्यानं द्यायचा! अल्विसेला दाखवलं असतं तर त्यानं त्याच क्षणी बहिणीचं नाव टाकलं असतं, आणि शुक्रवारी आईजवळ तो गेलाच नसता. आणि खरं सांगायचं तर दुसरी जागा होतीच कुठे?

"दाब," मी फ्लावियाला म्हटलं.

"बाबाला न सांगता?"

"बाबाला मी बघते. तू दाब."

बुकिंग कुठल्याशा एजन्सीमार्फत होतं, घरमालकिणीला आमची नावं कळणार नव्हती. तिकडच्या पोरानं उलट निरोप पाठवला: घरमालकीण किल्ली घेऊन दारात उभी असेल. म्हटलं, असू दे. मलाही तेच हवंय.

गुरुवारी दुपारी व्हेनिसला उतरलो तर जलबसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. एका बाजूला पिसांची टोपी, दुसऱ्या बाजूला घागरा इतका मोठा की जुळ्यांपैकी एक त्यात दिसेनासा झाला. अल्विसे सगळ्यांकडे असा बघत होता की जणू त्याच्याच घरात चपला घालून शिरलेत.

"पत्ता काय म्हणालीस?"

"कास्तेल्लोकडे."

"म्हणजे आमच्या जवळच की."

"जवळच."

उतरलो. तो पुढे, चाकाची बॅग ओढत. दोन वळणं गेली. लहान पुलाच्या पायथ्याशी तो थांबला आणि वळला.

"नुंझिया, ही आमची गल्ली आहे."

"हो."

"पुलापलीकडे तर आमचंच घर आहे."

"तेच बुक केलंय."

त्यानं बॅग सोडली. मला वाटलं, आता ती कालव्यात जाते. "तिनं भाड्यानं दिलंय? आईचं घर? आणि तू मला तिथे पैसे भरून घेऊन चालली आहेस? मी स्टेशनवर जातो. आत्ताच्या आत्ता."

"जा. उद्या तिथे तुझ्या जागी कोण उभं राहील, तेवढं सांगून जा."

"मला शिकवू नकोस!"

"बाबा," जुळ्यांपैकी धाकटा म्हणाला, "मला शू."

"मला पण," थोरला म्हणाला.

मोठ्या माणसांची भांडणं किती का मोठी असेनात, सहा वर्षांच्या पोरांची शू थांबत नाही. अल्विसेनं मला एक शिवी घातली, बॅग उचलली आणि पूल चढला.

मी घंटी दाबली. दार उघडलं. लोरेदाना इस्त्रीच्या ब्लाऊजमध्ये, ओठांना लाली, हातात किल्ल्या. "वेलकम टू व्हेनिस," ती घोकलेल्या इंग्रजीत म्हणाली, "माय नेम इज..." आणि तिचं नाव तिथेच अडकलं.

जुळे तिच्या बगलेतून आत घुसले. बाथरूम शोधावं लागलं नाही, भिंतीवर बाण काढलेली पाटी होती.

"पाइप कुठे फुटलाय?" अल्विसेनं विचारलं.

लोरेदाना त्याच्याकडे बघेना. ती माझ्याकडे वळली. "हे तुझं काम. तुम्ही खालच्या मुलखातले लोक! सरळ फोन करून विचारता येत नव्हतं?"

"विचारलं होतं," मी म्हटलं. "चिखल होता."

"परक्यांना आईच्या पलंगावर झोपवतेस," अल्विसे म्हणाला, "आणि मला दार बंद?"

"परके पैसे देतात, अल्वी! तू ख्रिसमसला केक पाठवतोस!" आता तिचाही आवाज चढला. "हातमोज्यांचं दुकान बंद झालं माझं. बावीस वर्षं उभी राहिले मी तिथे. आता तिथे प्लास्टिकचे मुखवटे विकतात. छप्पर गळतंय, जिना सडलाय. कार्निव्हलच्या आठवड्यावर माझा हिवाळा निघतो. त्या आठवड्यात तुम्ही येणार म्हणालात. काय सांगायला हवं होतं मी? की भावा, तू नको, मला गिऱ्हाईक हवंय?"

"हो! तेच सांगायचं होतंस!"

"सांगवलं नाही." ती खुर्चीवर बसली. "तू गेलास. पोटासाठी गेलास, कुणी बोल लावला नाही. मी राहिले. या गल्लीत हिवाळ्यात दिवा लागतो तो माझा आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचा. सगळे मेस्त्रेला गेले. इथे राहायचं असेल ना अल्वी, तर असं राहावं लागतं."

"तू कुठे झोपतेस?" त्यानं विचारलं.

"माझं मी बघते."

तो जिना उतरून खालच्या कोठारात गेला. मी मागोमाग. पूर्वी तिथे नाव आणि वल्ही असायची. आता विटांवर ठेवलेली घडीची खाट होती, एक हीटर आणि दोरीवर तिचे कपडे. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला भरतीच्या पाण्याची काळी रेघ. कालपासून मनातल्या मनात हिला कुठल्या शब्दांत झोडायची ते मी घोकत होते. एकही शब्द आठवला नाही. मला तिची फार दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

वर आलो तर लोरेदाना डोळे पुसून मोबाईल घेऊन उभी होती. "ओळखपत्रं द्या," ती म्हणाली. "पाहुण्यांची खबर पोलिसांना द्यावी लागते. नियम आहे."

आणि आम्हीही, जन्मभर हॉटेलात देतो तशी, मुकाट्यानं दिली. तिनं माझ्या कार्डाचा फोटो काढला. पोरांचे काढले. सालेर्नो, सालेर्नो, सालेर्नो, सालेर्नो, ती पुटपुटत होती. मग अल्विसेचं कार्ड हातात घेतलं आणि थांबली.

"जन्मस्थळ व्हेनिस," तिनं वाचलं. "पाहुणे ठेवायला लागल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदाच."

तिनं मोबाईल बंद केला आणि कार्ड त्याच्या खिशात कोंबलं.

"पाठव की," अल्विसे म्हणाला. "नियम आहे ना?"

"भावाची खबर पोलिसांना देतात होय, गाढवा?"

तो वळला आणि पुन्हा खाली गेला. वर आला तेव्हा काखेत तिची उशी आणि घोंगडी होती. तो थेट आईच्या खोलीत शिरला आणि ती विणलेली चादर ओढून काढू लागला.

"हात लावू नकोस!" लोरेदाना धावली. "इस्त्री केलीय! ती गिऱ्हाइकांची आहे!"

"गिऱ्हाईक मी आहे," तो म्हणाला. "पैसे भरलेत. उद्यापर्यंत हे घर माझं आहे आणि या पलंगावर कोण झोपेल ते मी ठरवणार." त्यानं तिची उशी उशाशी ठेवली. "झोप इथे. सकाळी आपण दोघंही वेळेवर जायचंय."

लोरेदाना पलंगाच्या कडेवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. अल्विसे तिच्या शेजारी बसला. मी दार ओढून घेतलं आणि पोरांना काय खायला घालायचं ते बघायला स्वयंपाकघरात गेले.