महादेवाकडून आलेली भजी

मित्रांनो, सध्या बिलोलीच्या एका स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली मी एक जुनी दुरडी आहे. माझं मूळ घर निलंग्याला. टांगलेल्या वस्तूला सगळं दिसतं आणि तिला कुणी काही विचारत नाही. मला ही जागा आवडते.

केरबा बुरुडाने मला विणलं, तेव्हा त्याचं निम्मं लक्ष गप्पांत होतं. म्हणून मी एका बाजूला किंचित कलते. आठवडी बाजारात नागम्माने मला उलटीसुलटी करून पाहिलं.

"वाकडी हाय की ही."

"आक्का, भाकर काय घरंगळून पळती का?" केरबा म्हणाला.

नागम्माला हे पटलं. घरी नेऊन तिने मेथ्या वाटल्या, त्यात कागदाचा लगदा कालवला आणि मला आतून लिंपलं. पुढे कितीतरी वर्षं मी ज्वारीच्या भाकरी सांभाळल्या. पाहुणे भाकरीची तारीफ करायचे, मी ती स्वतःची समजायचे. मग घरात स्टीलचा डबा आला. त्याला झाकण होतं. झाकण असलेल्यापुढे आपलं काही चालत नाही. मला आधी लसूण दिला, मग लसूणही काढून घेऊन कपड्यांचे चिमटे दिले. माणसांत याला बदली म्हणतात.

मला परत कामावर घेतलं ते लाल भोपळ्याच्या वेलाने. न्हाणीच्या सांडपाण्यावर तो कुणी न लावता उगवला आणि पत्र्यावर चढून बसला. दिवस उजाडताना त्याची पिवळीधमक फुलं उघडत आणि ऊन चढलं की मिटून जात. नागम्मा मला कमरेवर घेऊन लांब दांडीची, नुसती फुलं खुडायची. ज्या फुलामागे इवलासा भोपळा धरलेला असे, त्याला हात लावत नसे. "पोटुशी हाय ती, ऱ्हाऊ दे," म्हणायची. नुसत्या फुलांतलीही काही ती मधमाश्यांसाठी सोडायची, नाहीतर भोपळे धरणार कसे?

घरात तेव्हा सूनही पोटुशी होती. सुकन्या. तिच्या पोटात काही टिकत नव्हतं. वरण म्हटलं की तोंड फिरवायची, भाताच्या वासाने उठून जायची. सातवा महिना लागला आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बाळंतपणासाठी तिला बिलोलीला न्यायला येणार होता. त्या संध्याकाळी ती पत्र्याकडे बघत म्हणाली, "आत्या, त्या फुलांची भजी खावी वाटायलीत."

इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. नागम्मा रात्रभर त्या वेलाला मनातल्या मनात दम देत होती.

सकाळी वेलाने शब्द पाळला. मी काठोकाठ भरले. नागम्मा मला घेऊन आत येते न येते, तोच गल्लीत ओरडा झाला, "नळ आला!" मित्रांनो, आमच्याकडे नळ पाहुण्यासारखा येतो. कधी येईल सांगत नाही आणि थांबत तर मुळीच नाही. नागम्माने मला होतं तिथेच, देवघराच्या उंबऱ्यावर टेकवलं आणि घागर घेऊन ती पळाली.

तेवढ्यात सासरे शरणप्पा अंघोळ करून, डोळे अर्धे मिटून, मंत्र पुटपुटत पूजेला आले. उंबऱ्यावर फुलं बघून त्यांना भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोने आज स्वतःहून पूजेला फुलं आणून ठेवली! त्यांनी ती सगळीच्या सगळी वाहिली, वरून विभूती लावली. एवढाली फुलं महादेवानेही बऱ्याच दिवसांत पाहिली नसावीत.

नागम्मा घागर घेऊन आली. "आवं, काय करायलाव? फुलं कुठं गेली?"

"वाहिली."

"अय्यो शिवा! भज्याची होती ती!"

"मंग देवापुढं कशाला ठिवली?"

"नळ आला न्हवं का!"

नळ हे कारण शरणप्पांनाही मान्य होतं. आमच्या भागात ते सगळ्यांनाच असतं.

"काढा ती. देवाला मी सांगते काय ते."

"एकदा वाहिलेलं माघारी घेत न्हाईत. आपल्या घराण्यात..."

"घराण्याची सून उपाशी हाय. आता गाडी गाठायचीय तिला. वेलावर माशीपुरती ऱ्हायलीत, ती बी मिटायलीत."

आवाज ऐकून सुकन्या आली. तिने देवघरात पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मामा, देवाचा परसाद टाकावा का हो?"

"कणभर बी टाकू नये. पाप लागतंय."

"मंग ही फुलं?"

"फूल म्हंजे निर्माल्य, पोरी. परसाद न्हवं."

"आन् ते केळ?"

शरणप्पांनी केळाकडे पाहिलं. देवापुढचं केळ ते रोज प्रसाद म्हणून स्वतः खात. मग त्यांनी महादेवाकडे पाहिलं. महादेवाने कुणाचीच बाजू घेतली नाही.

शेवटी ते स्वतः उठले आणि एकेक फूल उचलून माझ्यात ठेवू लागले. नागम्मा फुलं धुवायला निघाली तशी म्हणाले, "विभूती धुवू नका लई. पोटात गेली तर बरंच हाय."

नागम्माने फुलांतली मधली दांडी काढली, मुंग्या झटकल्या, ओवा-तिखट घातलेल्या बेसनात बुडवून फुलं करडीच्या तेलात सोडली. सुकन्याने पहिलं भजं तोंडात घातलं. सगळे दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करून तिच्याकडेच बघत होते. भाऊ येऊन दारात उभा होता, त्यालाही कुणी बस म्हटलं नाही. तिने चावलं. गिळलं. मग म्हणाली, "आजून हायत का?"

नागम्माने कढईकडे तोंड फिरवलं आणि ती बराच वेळ उगाच झारा हलवत राहिली.

उरलेली भजी वाटेत खायला द्यायची ठरली. शरणप्पांनी स्टीलचा डबा पुढे केला.

"झाकणात भजी घामेजतील," नागम्मा म्हणाली आणि तिने मला उचललं. मित्रांनो, त्या डब्याकडे मी पाहिलं नाही. जिंकल्यावर पाहू नये.

तर एसटीच्या खिडकीत, सुकन्याच्या मांडीवर बसून मी इथे आले. भजी देगलूरच्या अलीकडेच संपली. इथे मी रिकामीच टांगली गेले, पण मला चिंता नव्हती. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. काल सुकन्याने मला खाली काढलं, पुसलं आणि माझ्यात एक इवलंसं टोपडं ठेवून परत टांगलं.

तुमच्याही घरी एखादी वाकडी दुरडी असेल, तर तिला चुलीत घालू नका. आणि ज्या फुलामागे भोपळा धरलाय, त्याला हात लावू नका. दोघींचंही काम अजून बाकी असतं.